साठच्या आत

१२ मे, दुपारी २ वाजून ४० मिनिटे. बाहेर बावीस अंश आणि लख्ख ऊन. तळघरात बारा अंश आणि आर्द्रता ९१ टक्के. दार सताड उघडे होते आणि विटांच्या कमानीवरून पाणी ओघळत होते. मी दार ओढून घेतले व कुलूप लावले.

ते उघडणारे गृहस्थ, गावाच्या विश्वस्त समितीचे अध्यक्ष, माझ्या मागेच उभे होते.

"वर्षातून चार दिवस ऊन पडतं इथे, आणि तुम्ही दार लावता?"

"त्या उन्हाच्या हवेनेच भिंती भिजल्या आहेत. बिअरच्या थंड ग्लासाला बाहेरून घाम फुटतो ना, तसं."

"माझे आजोबा इथली वाइन सांभाळायचे. ऊन पडलं की दार उघडायचे."

"त्यांना ओल हवीच होती. बुचं सुकली तर वाइन बिघडते."

ते हसून म्हणाले, "तर मग अळंबी लावा. चित्रांपेक्षा बरी टिकतील."

हा टोमणा मी वहीत उतरवला नाही. वहीत फक्त मोजता येणाऱ्या गोष्टी जातात.

आठवड्याचे पाच दिवस मी प्रयोगशाळेत विटांमधून ओल कशी सरकते हे तपासते. म्हणूनच या ओस पडलेल्या वाइनच्या तळघराचे कलादालन करण्याचा प्रस्ताव मी समितीपुढे ठेवला होता. संरक्षित वास्तू असल्याने भिंतीला भोक पाडण्याची परवानगी नव्हती. अर्थात ओल शोषणारे मोठे यंत्र बसवणेही शक्य नव्हते. समितीची अट स्पष्ट होती: फेब्रुवारी संपेपर्यंत सलग चौदा दिवस आर्द्रता साठ टक्क्यांच्या आत. अन्यथा तिथे गावजत्रेचे तंबू आणि खुर्च्या जातील.

पहिल्या प्रदर्शनासाठी मला लंडनच्या हॅरो भागातल्या एका निवृत्त डॉक्टर काकूंची जलरंगचित्रे हवी होती. तिथल्या रुग्णालयात त्यांनी तीस वर्षे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहिल्या आणि घरी येऊन त्या कागदावर रंगवल्या. चित्रे बेडखालच्या बॅगेत पडून होती. कोणत्याही दालनाने ती कधी लावली नव्हती. अध्यक्षांनी सुचवले होते की प्लास्टिकवर प्रती छापून लावाव्यात, कोणाला कळणार आहे? काकूंनी फोनवर उत्तर दिले, "मला कळेल ना!"

मग म्हणाल्या, "अगं, बुरशी मी आयुष्यभर पाहिली आहे. तिला आमंत्रण लागत नाही. तू साठच्या आत आणून दाखव आणि ओरिजिनल्स घेऊन जा. पण आकडा सुंदर दिसावा म्हणून सेन्सर हीटरजवळ ठेवायचा नाही, काय?"

"काकू, हा अपमान आहे."

"छे गं, पिअर रिव्ह्यू आहे."

उन्हाळाभर मी तळघर बंद ठेवले. ऑक्टोबरपासून रोज सकाळी कामावर जाण्यापूर्वी बाहेरच्या हवेतील बाष्प मोजायचे, आतल्याशी ताडून पाहायचे, आणि बाहेर कमी असेल तरच जमिनीलगतच्या लोखंडी झडपा उघडायच्या. दहिवर गोठलेल्या सकाळी त्या सर्वाधिक वेळ उघड्या राहत. कुत्री फिरवणारे लोक थबकून पाहत. "उन्हात बंद, बर्फात उघडं!" एक बाई कुत्र्यालाच म्हणाल्या. मी त्यांना आलेख दाखवू पाहिला. कुत्र्याने अधिक रस घेतला.

जानेवारीत सलग नऊ दिवस आकडा साठच्या आत राहिला. दहाव्या सकाळी मला उशीर झाला होता. मी बाहेरचे मोजमाप न घेताच झडपा उघडल्या आणि निघून गेले. त्या दिवशी नैर्ऋत्येकडून उबदार, दमट वारा सुटला. संध्याकाळी वहीत ६६ लिहावे लागले.

तो आकडा फक्त मला ठाऊक होता. मी तो समितीला आणि काकूंना कळवला, कारणासह.

अध्यक्षांचे उत्तर एका ओळीचे होते: "अळंबीचं बियाणं बघून ठेवतो."

काकूंचा फोन आला. "झालं ते बरं झालं. आता तुझ्या बाकीच्या आकड्यांवर माझा विश्वास बसला."

आकडा पुन्हा साठच्या आत यायला १० फेब्रुवारी उजाडली, आणि मी पुन्हा एकपासून मोजायला लागले. आता मोजमाप नाही तर झडप नाही, मग प्रयोगशाळेत कितीही उशीर होवो. २३ फेब्रुवारीला चौदावा दिवस पूर्ण झाला. त्याच आठवड्यात काकूंची बॅग मी स्वतः हॅरोहून घेऊन आले.

१ मार्चला उद्घाटन होते. प्रत्येक पाहुणा श्वासातून बाष्प सोडतो. हिशेब करून मी एका वेळी बाराच जणांना आत सोडायचे ठरवले. अध्यक्ष आले तेव्हा आत बारा जण होते.

"मी अध्यक्ष आहे," ते म्हणाले.

"हो. आणि तुम्ही श्वास घेता."

रांगेतले कोणीतरी खुदकन हसले. अध्यक्षांनी कोटाची कॉलर वर केली आणि वीस मिनिटे थंडीत उभे राहिले. मी दारातून हलले नाही.

आत आल्यावर त्यांनी आधी चित्रांकडे पाहिलेच नाही. भिंतीवर तळवा टेकवला, उचलला, निरखला. तो कोरडा होता. मग ते यकृताच्या पेशींच्या चित्रापुढे थांबले, आणि तिथेच बाजूला उभ्या असलेल्या काकूंना विचारले, "हे निळं काय आहे?"

"केंद्रक," काकू म्हणाल्या. "जरा लांबूनच बघा. कागद आहे."

बाहेर ऊन पडले होते. मागून येणाऱ्या कोणीतरी दार उघडेच ठेवले.

"दार लावा!" अध्यक्ष न वळताच ओरडले. "हवा येतेय आत."

मी वही उघडली. ३ वाजून ५ मिनिटे: ५९.२.