मुंबई ते नागपूर, तीन तासांत

मला पाहायला आलेला मुलगा नागपूरच्या एका कापडगिरणीत कामाला होता. आमचे बाबा मेहकरला वकिली करत, त्यामुळे आलेल्या स्थळाची उलटतपासणी व्हायचीच. शिक्षण झालं, पगार झाला, शेतीवाडी झाली. मग बाबांनी सहज विचारलं, "मुंबई पाहिली का?"

"मागच्याच महिन्यात गेलो होतो. गिरणीचं यंत्र बंद पडलं, त्याचा एक भाग तातडीनं आणायचा होता. येताना मालकांनी विमानानं यायला सांगितलं. सकाळी मुंबईत चहा घेतला आणि जेवायला नागपुरात घरी होतो."

आम्हाला मोटारीनं खामगावला पोचायचं तरी सकाळ मोडायची. आणि हा पाचशे मैलांची गोष्ट करत होता! मेलगाडीला त्यासाठी अख्खी रात्र लागायची, वर दुसऱ्या दिवसातलाही वेळ जायचा. विमान डोक्यावरून जाताना आम्ही पाहिलं होतं. त्यात बसलेला माणूस कधी पाहिला नव्हता.

"किती वेळ लागला म्हणता?"

"तीन तासांच्या आतच."

मामा उठून आत आईकडे गेला. "पोरगा थापाड्या हाये, ताई. नोकरी तरी खरी असंल कशावरून?" हे मला बाहेर ऐकू आलं. मीही हळूच वर पाहिलं. त्याचा कोट खांद्यात सैल होता. मघापर्यंत तो चांगला वाटत होता. आता कुणाचा तरी मागून आणलेला वाटला.

बाबा गोड आवाजात म्हणाले, "मग वरून आमचा जिल्हा दिसला असेल. कसा दिसतो?"

तो आवाज मी ओळखत होते. खोटा साक्षीदार अशा प्रश्नाला भरभरून बोलतो, असं ते नेहमी सांगत.

तो कानापर्यंत लाल झाला. "नाही दिसला. खरं सांगू का? विमान उडालं आणि मला ओकारी सुरू झाली. नागपूर येईपर्यंत कागदी पिशवीत तोंड घालून बसलो होतो."

मामा दारात खो खो हसला. बाबा हसले नाहीत. पाहुणे गेल्यावर म्हणाले, "पक्का आहे. पकडता येणार नाही असंच उत्तर दिलं."

मला तसं वाटेना. मुलगी पाहायला येऊन स्वतःची ओकारी कोण सांगेल? चुलीपाशी मी आईला म्हटलं, "मला पसंत आहे." तर ती माझ्याकडेच संशयानं पाहायला लागली. आमची आधीची ओळख आहे की काय, असं तिला वाटलं असावं.

बाबांनी नागपूरच्या एका वकील मित्राकडून चौकशी करवली. नोकरी खरी, घर खरं. विमानाचं मात्र त्यालाही सांगता येईना. लग्न झालं.

दिवाळीनंतर बाबा आमच्याकडे आले आणि चहा होताच जावयाला म्हणाले, "विमानतळ दाखवा." आम्ही तिघं टांग्यानं गेलो, कुंपणापाशी उभे राहिलो. मुंबईचं विमान उतरलं. बाहेर आलेल्या एका धोतरवाल्या गृहस्थांना बाबांनी अडवलं. "सकाळी कुठं होतात आपण?"

"मुंबईला," ते म्हणाले, आणि बाबा पोलिसांचे माणूस असावेत तसे अंग चोरून निघून गेले.

परतताना मी विचारलं, "आता तरी पटलं ना?"

"विमान येतं, एवढं सिद्ध झालं," बाबा म्हणाले. "त्या दिवशी हे त्यात होते, हे कुठं झालं?"

हे टांगेवाल्याशेजारी पुढे बसले होते. हसू दाबताना त्यांचे खांदे हलत होते, आणि घर येईपर्यंत बाबा त्या खांद्यांकडे रोखून पाहत राहिले.