तुटलेला ‘ई’

निजामाच्या राज्यातल्या आष्टीच्या कचेरीत मी वकिली करीत होतो तेव्हाची गोष्ट. कचेरीचा सारा कारभार उर्दूत, त्यामुळे इंग्रजी टंकयंत्राचं तिथं काहीच काम नव्हतं. तरी पुण्याच्या मामांनी टाकून दिलेलं एक जुनं यंत्र मी गाडीत घालून घरी आणलं, ते आत काय चालतं हे बघायला मिळावं म्हणून. कळ दाबली की टोकाला अक्षर असलेली दांडी खालून वर उसळे आणि कागद गुंडाळलेल्या रुळाच्या पोटाला ते उमटे. काय छापलं ते बघायला वरचा भाग उचलावा लागे.

मला आठवड्याभरात त्याची सवय झाली. माझ्या पत्नीला मात्र त्याचं वेडच लागलं. इंग्रजी मुळाक्षरं ती त्या यंत्रावरच शिकली. एका दुपारी टक्कन आवाज झाला आणि ‘ई’ची दांडी मधोमध तुटून तिच्या हातात आली.

“लई दाबलं का हो मी?”

“तुझा दोष नाही. इंग्रजीत ‘ई’च फार लागतो.”

मी नगरला गेलो. लष्करी कँपातल्या टंकयंत्रांच्या दुकानदारानं तुकडा खालीवर करून बघितला आणि हसला. असली यंत्रं आता विलायतेतही बनत नाहीत, म्हणाला. घरी येऊन हे सांगितलं तर पत्नी म्हणाली, “नव्याच्या दुकानात जुनं कावून मिळंल? ज्याच्या घरी असलंच पडलेलं हाय, तो माणूस शोधा.”

पुढच्या खेपेला त्याच दुकानदाराला तसं विचारलं. त्यानं कँपातल्या एका निवृत्त कारकुनाचं घर दाखवलं. म्हाताऱ्यांनी यंत्रावरची शाल दूर केली. यंत्र आमच्याचसारखं, तेलपाणी केलेलं. फक्त रुळाचं रबर दगडासारखं झालेलं.

घरी पत्नी यंत्रावर इंग्रजी शिकतेय हे सांगून मी ‘ई’ची दांडी मागितली. त्यांनी दोन्ही हात यंत्रावर ठेवले.

“ती नाही देणार. ‘ई’ गेला की यंत्र मुकं झालं. तुमचं टोकाचं अक्षर शाबूत आहे ना?”

मी खिशातून पुरचुंडी काढून दाखवली.

“मग ‘क्यू’ची दांडी न्या, तो क्वचितच लागतो. सोनाराकडून तिचं अक्षर उतरवा आणि तुमचा ‘ई’ बसवून घ्या. दांड्या सगळ्या सारख्याच.”

“म्हणजे माझ्याच ‘क्यू’ची दांडी चालली असती की!”

“चालली असती. पण तुमच्या घरी कुणी शिकतंय म्हणालात ना? त्यांचं यंत्र पुरं असू द्या. चहा घ्या आता.”

‘क्यू’ची दांडीही पुरचुंडीत बांधून परतताना निजामी हद्दीवर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर गाडी अडवली. जमादारानं पुरचुंडी सोडली आणि ‘ई’च्या लोखंडी टोकावरून बोट फिरवलं.

“हा शिक्का हाय. कोन्या सरकारचा?”

“अक्षर आहे, जमादारसाहेब. इंग्रजी.”

“मग उलटं कावून?”

मी त्याच्याच पावतीच्या शाईत ते बुडवून रद्दीवर दाबलं. सुलटा ‘ई’ उमटला. त्यानं माझ्या हातातून ते घेतलं, स्वतः दाबलं, मग तळहातावर दाबलं. मागं गाड्या खोळंबल्या होत्या, बैल माना हलवीत होते.

“अशी समदी अक्षरं एका पेटीत हायत? अन् बोट लावलं की आपली आपन उसळत्यात?”

“हो.”

“कमाल हाय बे!” म्हणाला, आणि लगेच आपण वकिलाशी बोलतोय हे आठवून, “जावा, साहेब, जावा.”

सोनारानं वितळलेल्या धातूचा डाक देऊन अक्षर बसवलं. पहिल्यांदा ते तिरकं बसलं, पुन्हा तापवावं लागलं. मी दांडी यंत्रात बसवली. पत्नीनं कागद घातला, ‘ई’ दाबला आणि वरचा भाग उचलला. आम्ही दोघंही वाकलो. अक्षर किंचित फिकं, पण सरळ होतं.

तिनं त्या म्हाताऱ्यांना आभाराच्या चार ओळी टंकून पाठवल्या. उत्तर हातानं लिहिलेलं आलं. त्यांनी तिच्या दोन चुका दाखवल्या होत्या आणि खाली विचारलं होतं, रूळ ओढणारी आतली चामड्याची वादी कशी गुंडाळली जाते हे तुम्ही कधी उघडून पाहिलंय का?

तिनं पाहिलं नव्हतं. मीही नाही. पुढच्या बाजाराच्या गाडीनं आम्ही दोघं नगरला गेलो. म्हाताऱ्यांनी शाल काढली, स्क्रू काढायचं हत्यार सरळ तिच्या हातात दिलं आणि खुर्ची उजेडाकडं सरकवली.