'सरविस'चं 'सरसिव'

तलासरीच्या कचेरीत कारकून होते तेव्हापासून मी संस्थानांची तिकिटं जमवते. त्यातही फक्त दरबारच्या सरकारी टपालावर लावायची. ग्वाल्हेरच्या तिकिटांवर इंग्लंडच्या राणीच्या चेहऱ्याखाली काळ्या शाईत देवनागरीत 'सरविस' छापलेलं असतं. थोड्या तिकिटांवर छापणाऱ्याकडून अक्षरांची अदलाबदल होऊन 'सरसिव' झालं. तसं एक तरी मिळावं म्हणून मी वीस वर्षं धडपडत होते.

कचेरीतली माझी मैत्रीण घोलवडच्या चिकूवाडीत राहते. निवृत्तीनंतर मीच तिला हा नाद लावला. वर्षभरातच ती डहाणूला माझ्याकडे आली आणि तिनं पर्समधल्या पाकिटातून एक तिकीट काढलं.

"सासऱ्यांच्या ट्रंकेत सापडलं. अगं, यावर काहीतरी चुकलंय ना?"

मी भिंग लावलं. सरसिव! माझी कानशिलं तापली. हिला साधा चिमटा नीट धरता येत नाही, आणि हिला हे घरबसल्या मिळावं?

"नकली आहे," मी म्हणाले. "नंतर कुणीतरी अक्षरं छापलीत."

"हो का? असू दे, रंग छान आहे," म्हणत तिनं ते पाकिटात घालून परत पर्समध्ये टाकलं. मागून घ्यावं असं शंभरदा मनात आलं, पण जीभ उचलली नाही.

महिन्याभरानं तिच्याकडे गेले. तिनं कौतुकानं नवी वही दाखवली. पुठ्ठ्यावर मधोमध ते तिकीट डिंकानं चिकटवलेलं.

"नकलीच आहे ना, म्हणून शोभेला लावलं."

"अगं, ते खरं आहे," मी कसंबसं म्हणाले. "मी खोटं बोलले. मला सहन झालं नाही."

ती उठली. मग आतून पाण्याची ताटली घेऊन आली. पुठ्ठ्याचा तेवढा तुकडा कापून आम्ही पाण्यात ठेवला. तासाभरानं तिकीट सुटलं. एका कोपऱ्यात कागद विरला होता, अक्षरं मात्र शाबूत होती.

तिकीट टिपकागदावर ठेवत ती म्हणाली, "जळायचं तर खुशाल जळ. पण पुन्हा मला फसवू नकोस."

मी मान हलवली. फसवलं नाही पुन्हा. जळते मात्र अजून. घोलवडला गेले की ती चहाआधी वहीतलं ते तिकीट लावलेलं पान उघडून माझ्यासमोर ठेवते, आणि तो विरलेला कोपरा बघून मला वाईट वाटायच्या आधी वाटतं, हे माझ्याकडे हवं होतं.