दम असेतोवर

गेल्या साली पानिंग एका दमात दोन ओळी म्हणत होती. यंदा एकच, आणि तीही शेवटाला फाटत होती. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. भट्टीपुढे बसून तांबान नावाची बारीक मासळी चाळणीत मांडता मांडता ती मनातल्या मनात कडवी म्हणून बघायची, बोटांवर श्वास मोजायची आणि कुणी जवळ आलं की खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवायची.

पुरतं नाव एपिफानिया. समुद्राकाठच्या त्या वस्तीत लहानथोर सगळे तिला आलिंग पानिंग म्हणत. वयाने मोठ्या बाईला आलिंग म्हटल्याशिवाय तिथे कुणी हाक मारत नाही. वय त्रेसष्ट, त्यातली एकोणपन्नास वर्षं धुरातली. होड्या लागल्या की मासळी मिठाच्या पाण्यात घालायची, उकळत्या पाण्यातून काढायची, बांबूच्या चाळण्यांत दाटीने मांडायची आणि लाकडाच्या भुशाच्या धुरावर ठेवायची, सोन्यासारखा रंग चढेपर्यंत. रंग चढला की नाही हे झाकण उचलून आत डोकावल्याशिवाय कळत नाही. सिगारेट तिने जन्मात ओढली नव्हती. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, दिवसाला किती ओढता, तेव्हा पानिंग म्हणाली होती, "मी कुठली ओढते, भट्टी ओढते. मी नुसती शेजारी बसते." डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. श्वासाच्या नळ्या अरुंद झाल्यात, त्या काही पूर्वीसारख्या व्हायच्या नाहीत, पण जपलं तर बरीच वर्षं साथ देतील, असं सांगून त्यांनी पंप लिहून दिला. दम लागला की लगेच ओढायचा.

पंप महिन्यापूर्वी सुनेने आणला. रोवेना तिचं नाव. गेल्या वर्षी ती वस्तीची आरोग्यसेविका झाली होती, घरोघर फिरून रक्तदाब मोजायची. तिने प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून सासूला नीट शिकवलं होतं: पंप इथे खोचायचा, दाबायचा, बाटलीच्या तोंडातून सावकाश श्वास घ्यायचा. पानिंगने सगळं ऐकलं, मान डोलावली आणि पंप बाटलीसकट देव्हाऱ्यात माउलीच्या, म्हणजे क्रूसावरच्या देवपुत्राच्या आईच्या, मूर्तीपुढे ठेवून दिला.

रोवेनाला तिथेच ठेच लागली. भट्टीशी सासू धापा टाकायची, ओठ काळेनिळे पडायचे, आणि रोवेना पंप आणून समोर धरायची. "घेते गं, जरा वेळाने," एवढंच उत्तर. तासाभराने खरंच घ्यायची, पण तोवर दम आपसूक बसलेला असायचा. सासूचा औषधापेक्षा माउलीवर भरवसा आहे, हे रोवेनाने धरूनच चाललं. त्यावर वाद कसा घालायचा? देवाधर्माच्या गोष्टीत सासूला आडवं बोलायची तिची छाती नव्हती.

कारण त्या भरवशाची गोष्ट सगळ्या वस्तीला ठाऊक होती. पानिंगचा मुलगा नेस्तोर आठ महिन्यांचा असताना त्याची छाती भरली होती. पोर मांडीवर निळं पडत चाललेलं, आणि पानिंग माउलीला नवस बोलली: याला श्वास दे, माझा मी तुला देते, दम असेतोवर दर पवित्र गुरुवारी तुझी नि तुझ्या लेकाची वाटेतली भेट मी गाईन. पोर जगलं. आता चौतीस वर्षांचा होऊन मालवाहू जहाजावर होता, रोवेनाचा नवरा. आणि दुःखसहनाच्या आठवड्यात प्रार्थनाघरात जे अखंड वाचन चालतं, पबासा म्हणतात त्याला, त्यात क्रूस वाहणाऱ्या लेकाला आई वाटेत भेटते ती सव्वीस कडवी चौतीस वर्षं पानिंगच गात होती.

पण त्याच आठवड्यात वस्तीत मांस शिजत नाही. जो तो मासळी मागतो. सगळ्या भट्ट्या एकदम पेटतात आणि छपरांवरून धूर हलतसुद्धा नाही. जेव्हा दमाची गरज सर्वांत जास्त असायची, तेव्हाच तो सर्वांत कमी असायचा.

गुरुवारी दुपारी शेवटची चाळणी उतरवून पानिंग निघायला उठली. डोक्याचं फडकं सोडलं, तोंडाला पावडर लावली, कपडे बदलले. हात धुतले नाहीत. प्रार्थनाघर शंभर पावलांवर. तिला वाटेत तीनदा थांबावं लागलं. रोवेना मागून येत होती, पिशवीत पंप नि बाटली घेऊन.

दारात सबेल उभी होती, नेस्तोरची धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींना कुमारे म्हणत. तिने आल्याच्या काढ्याचा पेला पुढे केला. "पी, कुमारे. तुझा आवाज भट्टीच्या झाकणासारखा कुरकुरतोय."

"आणि तू गातेस तेव्हा लोकांना वाटतं घराला आग लागलीय," पानिंग म्हणाली. तेवढ्यासाठीही तिला मध्ये थांबावं लागलं. सबेलला कुठलंही कडवं घाईनेच म्हणायची खोड होती. ती हसली, आणि मग कुमारेचा चेहरा नीट पाहिल्यावर हसायची थांबली.

आधीच्या बायकांचं संपलं. पानिंग पोथीपुढे बसली. पहिली सहा कडवी निभावली. सातव्याला ओळीच्या मध्येच श्वास घ्यावा लागला. दहाव्याला शब्द नुसता ओठांवर आला, आवाज आलाच नाही. अकराव्याला तिने दोन्ही हात मेजावर रोवले, खांदे कानांपर्यंत चढले, आणि छातीतून शीळ घातल्यासारखा आवाज येऊ लागला.

वाचन तुटता कामा नये. सबेलने अकरावं उचललं.

रोवेना धावली. बाटली सासूच्या तोंडाशी धरली. पानिंगने ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली. रोवेनाने पुन्हा धरली. पुन्हा मान. मागच्या बाकावर एक म्हातारी क्रूसाची खूण करून पुटपुटली की नवसात दम देईन म्हणालीच होती, माउली घेतेय. ते ऐकून रोवेना सासूच्या शेजारी गुडघ्यांवर बसली.

"नानाय," आईला मारायची हाक मारत ती सासूच्या कानाशी म्हणाली, "माउलीने औषध घेऊ नको म्हणून कधी सांगितलं?"

पानिंगने सुनेकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, गोंधळ होता. तिने हात उचलून रोवेनाच्या गालाला लावला. हात अजून तव्यासारखा तापलेला होता.

"हात... गरम," ती म्हणाली. मग बऱ्याच वेळाने, "फवारा... गार."

आणि रोवेनाला एकदम उमगलं. पास्मा. तापलेल्या अंगाला गार लागलं की नसा आखडतात, हात कापायला लागतात. इस्त्री करून कुणी हात धूत नाही, भट्टीवरून उठून कुणी तासभर पाण्याला शिवत नाही. रोवेनाची आईही हेच पाळायची. रोवेना स्वतः पाळायची. पंपाचा फवारा घशाला गार लागतो, आणि पानिंगला दम लागायचा तो नेमका अंग तापलेलं असतानाच. महिनाभर ती अंग निवायची वाट पाहत होती, आणि सून समजत होती की ती देवाची वाट पाहतेय.

आरोग्यसेविकांच्या शिबिरात पास्मा हा शब्द कुणी उच्चारलाही नव्हता. ती वेळ वाद घालायची नव्हतीच. रोवेनाने पंप दोन्ही तळव्यांत घेऊन चोळला, मग काखेत दाबून धरला. पानिंग बघत होती. तिचे ओठ जांभळे झाले होते.

"बघा, माझ्या अंगाइतका झालाय," रोवेनाने पंप तिच्या मनगटाला लावला. "आणि फवारा आधी बाटलीत जाणार. तिथेच त्याचा गारवा मरणार. तुमच्या घशाला नुसता वारा लागेल."

पानिंगने मनगटावरचा पंप बोटांनी चाचपला. मग तिने तोंड उघडलं.

एकदा. सावकाश. पुन्हा. थोडं थांबून आणखी एकदा. खांदे बोटभर खाली आले, शीळ बारीक होत गेली.

इकडे सबेलने काय केलं ते वस्ती अजून सांगते. जन्मभर घाई करणारी ती बाई एकेक शब्द असा लांबवू लागली की पुढची मेणबत्ती वितळून दुसरी लावावी लागली. चौदावं कडवं, सतरावं, विसावं. तिचं लक्ष पोथीत नव्हतंच, कुमारेच्या छातीकडे होतं. पंचविसावं संपवून ती गप्प बसली. बाक गप्प बसले. चौतीस वर्षांत पहिल्यांदा पबासा तुटला, आणि कुणीही तो सांधायला पुढे झालं नाही.

पानिंगने सव्विसावं कडवं घेतलं. दोन शब्द, श्वास. तीन शब्द, श्वास. आवाज जाड नि घोगरा होता. शेवटच्या ओळीआधी ती इतकी थांबली की रोवेनाने पिशवीत हात घातला, पण पानिंगने तो दाबून धरला आणि ओळ पुरी केली.

बाहेर येऊन दोघी पायरीवर बसल्या. आधी का नाही सांगितलंत, असं रोवेनाने विचारलं.

"तू विचारलंस कुठे? तू घ्या म्हणालीस, मी घेते म्हणाले," पानिंग म्हणाली. मग हळूच पुढे बोलली, "सव्वीसपैकी अकराही माझी झाली नाहीत. माउलीला चालेल का गं?"

आतून सबेल काढ्याचे पेले घेऊन आली होती. ती म्हणाली, "दम असेतोवर म्हणाली होतीस ना? मग जेवढा आहे तेवढा दिलास. उरलेला माझ्याकडून उसना. पण पुढल्या वर्षी मी इतकं हळू गाणार नाही, सांगून ठेवते."

ईस्टर झाल्यावर रोवेनाने शेजारच्या सुताराकडून भट्टीमागचा पत्रा काढून घेतला, म्हणजे धुराला समुद्राकडे वाट होईल. पानिंग आता झाकण उचलायला सुनेला बोलावते, आणि सून आत डोकावायला लागली की स्वतःच तिला मागे ओढते: लांबून बघ. बाटली अजून देव्हाऱ्यातच असते. पंप मात्र तिथे नसतो. तो पानिंग पोलक्यात, छातीशी ठेवते. तिथे तो कधी गार पडत नाही.