मीनाने कुवेतला जावं का?

मंडळी, आज घरात जोरदार वाद झाला. माझ्या धाकट्या बहिणीला, मीनाला, कुवेतला नर्सची नोकरी मिळालीय आणि तिकडे पुन्हा लढाईच्या बातम्या आहेत.

शेवटी शेजारच्या झुबेदाखालांना बोलावलं. नव्वद साली कुवेतमध्ये इराकचं सैन्य घुसलं तेव्हा त्या तिथंच घरकामाला होत्या.

मीनाने विचारलं, "खाला, सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली?"

"बॉम्बची नाय, बेटी. माझा पासपोर्ट शेठच्या तिजोरीत, आणि शेठ पळालेला! सोबतच्या बायका निघाल्या, मी मागे राहिले. आपल्या एम्बसीने पासपोर्टच्या बदली कागद दिला तेव्हा कुठं सुटले."

आई म्हणाली, "ऐकलंस ना? जायचं नाही."

खाला हसल्या. "मी तर लढाई संपल्यावर परत गेले. पासपोर्ट मात्र कुणाला दिला नाय."

मीना जाणार म्हणतेय. तिकडे राहणाऱ्यांनो, खरं सांगा, पासपोर्ट स्वतःजवळ ठेवू देतात का?