फादरचा द्राक्षारस

आमचे फादर पाणीसुद्धा आधी हुंगायचे, मग प्यायचे. "आधी नाक, मग जीभ," म्हणायचे. पेला उजेडात धरून असा फिरवायचे की बघणाऱ्याला वाटावं, ह्यात माशी पडली. एकदा हुंगून म्हणाले, "हे पाणी आज दुसऱ्या विहिरीचे." खरं होतं. आळसानं मी जवळच्या विहिरीचं आणलं होतं. नाकानं चोरी पकडणारा माणूस मी तेवढाच बघितला.

सोनईच्या अलीकडे मिशनच्या बंगल्यावर मी बागेला पाणी द्यायचो, आमची मंडळी स्वयंपाक करायची. फादर फ्रान्सचे. मराठी शिकले बायबलातून, त्यामुळं बोलणं पुस्तकी. "बाई, मीठ देण्याची कृपा करा." ती पदराआड हसायची.

बाहत्तरच्या दुष्काळाआधीचा नाताळ. फादरच्या भावानं धाडलेली एक बाटली मुंबईच्या पाहुण्यानं आणून दिली. फादरनी ती तान्ह्या लेकरासारखी धरली. "माझ्या आजोबांनी लावलेल्या वेली. म्हातारी वेल थोडे देते, पण त्यात जीव असतो. भावाने त्या उपटल्या. हा शेवटचा." मग आमच्या मंडळीला म्हणाले, "बाई, उद्याच्या जेवणाला हा द्राक्षारस. सांभाळा."

चूक इथंच झाली बघा. दारू म्हणाले असते तर आमच्या माळकरणीनं बाटलीला बोट लावलं नसतं. पण बायबलात दारूला द्राक्षारस म्हणतात, हे आम्हाला काय ठाऊक? रस म्हणजे रस. उसाचा, तसा द्राक्षाचा.

दुसऱ्या दिवशी तिनं बाटली उजेडात धरली. काळीकुट्ट, तळाला गाळ.

"अवो, ह्ये नासलंय."

बूच निघेना. उलथन्याच्या दांड्यानं मीच ते आत ढकललं. तिनं थेंब चाखला आणि तोंड वाकडं केलं. "आंबलंय की! पाव्हन्यापुढं फादरची लाज जाईल."

"मग दे फेकून."

"फेकता व्हय? त्येंच्या आज्याचं हाय!"

तिनं ते फडक्यानं गाळलं, गूळ, लवंगा, दालचिनी घातली आणि खळाखळा उकळलं.

वाफाळते पेले समोर आले तसा पाहुण्याचा चेहरा उतरला. फादरनी हुंगलं. पुन्हा हुंगलं. ती दारात, पदराचं टोक मुठीत.

"बिघडलं का, फादर?"

"नाही, बाई. माझी आई थंडीत असेच करत असे." पेला संपवून त्यांनी पुढं केला. "आणखी देण्याची कृपा करा." पाहुण्यालाही प्यायला लावलं.

मंडळी जी फुलली! फादरचा नासका रस मी सुधारला, हे गावभर सांगत सुटली.

दिवस कलताना मी मागच्या दारी गेलो. फादर पायरीवर बसले होते, रिकामी बाटली तळहातावर उपडी धरून. दोन थेंब आणि चिमूटभर गाळ उतरला. तो जिभेवर घेऊन त्यांनी डोळे मिटले. उघडले तर समोर मी.

"फादर, चुकलं का आमचं?"

"बाईंना सांगू नका," एवढंच म्हणाले.

नाही सांगितलं. पुढं फादर मायदेशी गेले, तिकडंच वारले. ती ह्या कार्तिकात गेली. जायच्या दोन दिवस आधी दवाखान्यातल्या नर्सला तीच गोष्ट सांगत होती. धाप लागली तरी लवंगा किती घातल्या ते चुकली नाही.

नर्स मला म्हणाली, "बाबा, खरं का हो हे?"

मी एक थेंबही चाखला नव्हता.

"खरं म्हंजे? म्या पेलोय की," म्हटलं. "लई ग्वाड हुतं."