आईची सहा बोटं

कुणी आकडा सांगितला की आमचे सर एक डोळा बारीक करायचे. "मोजलंत का?" समोरचा गडबडला की स्वतःच हसायचे. "अंदाजानं सांगा हो, पण मोजून सांगा." असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल.

नगरच्या कॉलेजात ते आम्हाला भौतिकशास्त्र शिकवायचे. खेड्यातल्या पोरांनाही अहो-जाहो करायचे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मला कुणी 'अहो' म्हटलं की मी मागे वळून बघायचो.

एकदा वर्गात ते म्हणाले, "पृथ्वी केवढी आहे, हे आपल्या जिल्ह्यात बसून सांगता येतं. दोन बांबू पुरेत." मागच्या बाकावर विभागप्रमुख बसले होते. ते म्हणाले, "करून दाखवा. नाहीतर हे खेळ बंद करा आणि अभ्यासक्रम संपवा."

सरांची कल्पना साधी होती. सारख्या उंचीचे दोन बांबू, एक नगरला, एक दक्षिणेला काष्टीत. भर दुपारी सावली सर्वांत आखूड होईल तेव्हा दोन्हीकडे मोजायची. जमीन वाकलेली आहे, म्हणून सावल्यांत थोडा फरक पडणार. त्या फरकावरून कोन काढायचा. दोन गावांतलं अंतर रेल्वेच्या मैलाच्या दगडांवरून मिळणार होतं. एवढ्यावर सगळी पृथ्वी.

काष्टी माझं गाव. शिमगा होऊन गेल्यावर एका रविवारी सर माझ्याबरोबर आले. नगरचा बांबू माझ्या वर्गमित्राकडे होता. सरांनी आमच्या अंगणात ओळंबा लावून बांबू सरळ उभा केला, तशी आई घरातून धावतच आली.

"मास्तर, उघडा बांबू दारात न्हाई ठेवत. घरात मानूस आजारी हाय."

वडील आत खाटेवर होते. बऱ्याच दिवसांचा ताप. दारात उघडे बांबू कधी येतात, हे सरांना कुणी सांगायला नको होतं. ते बाजूला झाले.

"काय करू या, वहिनी?"

"गडू बसवते वर. केवढासा, सहा बोटांचा तर हाय."

"बसवा."

गडूचं तोंड अरुंद, बांबू आत जाईना. तो टोकावर पालथा ठेवून आईनं सुतळीनं बांधला, लिंबाचा डहाळा लावला, हळद-कुंकू वाहिलं. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "का गं, तुमच्यात पाडवा आधीच व्हय?" सर हसले. तेवढ्यात ऊन डोक्यावर आलं, आणि ते चुना घेऊन सावलीच्या टोकाशी बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर आकडे मांडले. नगरची सावली आणि काष्टीची सावली जवळजवळ सारखीच. फरकच नाही. म्हणजे पृथ्वी सपाट.

विभागप्रमुख म्हणाले, "वा! हजारो वर्षांचं ज्ञान पुसलंत." पोरं हसली. सर खडू हातात घेऊन उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले होते.

मला वर्गात बोलायची सवय नव्हती. तरी उठलो. "सर, गडू."

"काय?"

"बांबूची उंची आपण गडूच्या आधी घेतली होती. सावली मात्र गडूसकट मोजली."

सरांनी कपाळाला हात लावला; खडूचा पांढरा पट्टा उमटला. "मी मोजलंच नाही! किती उंच होता हो?"

"आई म्हणाली, सहा बोटं."

"कुणाची बोटं?"

"तिचीच, सर. माझ्यापेक्षा जाड आहेत."

त्यांनी माझा हात फळ्याशी धरला, बोटं मोजली, वर थोडं वाढवलं आणि गणित पुन्हा मांडलं. पृथ्वी पुस्तकातल्यापेक्षा जराशी लहान आली, पण गोल आली. उत्तरापुढे त्यांनी कंसात लिहिलं: आईची सहा बोटं धरून.

"बोटांनी पृथ्वी मोजता?" विभागप्रमुख म्हणाले, पण खेळ बंद करा, असं पुन्हा म्हणाले नाहीत.

पुढे वडील तापातून उठले. आईनं श्रेय गडूला दिलं. मी ते सरांना हसत सांगितलं, तर ते हसले नाहीत. "ते मोजायचं साधन माझ्याकडे नाही," म्हणाले.

माझ्या शेवटच्या वर्षी सर अचानक गेले. त्यांच्या घरी पोचलो तेव्हा माणसं हलक्या आवाजात बोलत होती. दाराशी भिंतीला दोन बांबू टेकवून ठेवले होते. उघडेच. दुपार होत आली होती, आणि त्यांच्या सावल्या हळूहळू आखूड होत होत्या.